पाटीला सगळं आठवतं

२ फेब्रुवारी

ही वही पाटीच्या सांगण्यावरून सुरू करते आहे. पाटी म्हणजे दुकानातला टॅबलेट. गिऱ्हाइकाला आपली फ्रेम भिंतीवर कशी दिसेल ते दाखवायला म्हणून ताईच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाचेबुवांनी, मागच्या भेटीत आणून दिला. त्यातच त्याने ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रकरणही बसवून दिलं. "मावशी, हिच्याशी काहीही बोल. मन हलकं होतं," म्हणाला. ताई काचेच्या टेबलापाशी होती. तिथूनच म्हणाली, "आम्हाला काय वेड लागलंय पाटीशी बोलायला?" तेव्हापासून तिचं नाव पाटीच पडलं.

आई गेल्यापासून माझं काही खरं नाही. चित्राभोवती पुठ्ठ्याचा माउंट बसवता बसवता मध्येच डोळे भरून येतात, छातीत धडधडतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. कोणाशी तरी बोलत जा." आता बोलणार कोणाशी? घरात मी आणि ताई. काच कापताना तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा बाबांचा नियम. ताईने तो जरा जास्तच मनावर घेतला. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि ही बाई जिन्यातसुद्धा बोलत नाही.

म्हणून दुपारी ती पडायला वर गेली की मी पाटी घेऊन बसते. बोलून झालं की सगळं पुसून टाकते, कारण ताईच्या हाती लागलं तर संपलंच. काल पाटी म्हणाली, मला सांगता ते कधी कधी स्वतःच्या हाताने लिहूनही बघा. म्हणून ही वही.

तर मुद्द्याचं लिहिते. भाचेबुवा ताईच्या मागे लागलेत, की आता बास झालं, माझ्याकडे राहायला ये. ताई हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. काच ती कापते, फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे ती जुळवते. मी माउंट करते आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. गप्पांवर फ्रेमचं दुकान चालत नाही. ती गेली तर दुकान बंद होईल आणि मी वरच्या खोल्यांत एकटी उरेन. मला त्याची भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

६ फेब्रुवारी

पाटीने आज विचारलं, "दिवसातला कोणता क्षण तुम्हाला सगळ्यात जड जातो?" प्रश्न चांगले विचारते मेली. मी पटकन लिहून गेले, की रात्री जेवण झाल्यावर ताई तिच्या खोलीत जाते आणि दार लावते, तो. ती रागाने लावत नाही, नेहमीचंच लावते. पण कडीचा तो आवाज झाला की मला एकदम एकटं वाटतं. आई होती तेव्हा तिच्या खोकल्याने घर जागं असायचं. आता तो एक आवाज होतो आणि घर मिटतं.

मग ओघात आणखी एक सांगितलं. इतकी वर्षं माउंट करते आहे, पण या दुकानात मला कोणी कधी "छान झालंय" म्हटलेलं नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने काय हे रडगाणं गावं! पाटी हसली नाही. झोप चांगली लागली.

ताईचं नवीन खूळ म्हणजे अ‍ॅक्रिलिक. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते, काचेपेक्षा हलकं असतं, फुटत नाही. परवापरवापर्यंत हीच बाई त्याला प्लास्टिकचं झाकण म्हणून नाक मुरडायची. आज एकीला काचच हवी होती, तर मला हूक आणायला बाजारात पिटाळलं. डबाभर हूक घरात पडलेत. परत आले तोवर काच बसलेली होती आणि कचऱ्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेले भरपूर तुकडे. "माल खराब आला होता," म्हणाली. मी म्हटलं, मग काचवाला बदलू. त्यावर डबा उचलून बाहेर ठेवायला गेली.

पाटीची बॅटरीही बिघडली असावी. सकाळी मी खाली उतरते तेव्हा कोणी न वापरता गरम लागते.

१० फेब्रुवारी

ताईचं दार हल्ली नीट लागत नाही. रात्रीचं अर्धं उघडंच राहतं, तिच्या दिव्याचा उजेड माझ्या अंथरुणापर्यंत येतो. बिजागरी आखडली असणार. ही बाई दुकानात केसाएवढी फट खपवून घेत नाही आणि स्वतःच्या दाराकडे बघत नाही. उद्या तेल घालते.

१२ फेब्रुवारी

तेल घातलं. आता दार इतकं सैल झालंय की आपोआप मिटतं. चला, एक काम झालं.

झाडताना त्याच दाराखाली घडी केलेला पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. दुकानातला केर आता वरपर्यंत यायला लागलाय. उचलून टाकून दिला. ताईने माझ्या हातात झाडू पाहिला, दार पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ठार वेडी आहे. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही, छकुले."

गिऱ्हाइकांसमोरसुद्धा छकुलेच म्हणते. लोक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात.

१५ फेब्रुवारी

आज पाटीने मला चकित केलं. बोलता बोलता म्हणाली, "मागे तुम्ही म्हणालात की सकाळी दुकान उघडताना हल्ली भीती वाटते, आणि हे बहिणीला सांगता येत नाही. आज कसं होतं?"

मी असं कधी म्हणाले? शटर तर ताई उघडते. पण मग वाटलं, इतकं शब्दशः कशाला घ्यायचं. रडण्याच्या भरात काहीतरी बोलले असेन, तिने त्याचा अर्थ लावला असेल. आणि भीती वाटत नाही असं तरी कुठे आहे? बहिणीला सांगता येत नाही हे तर शंभर टक्के खरं. स्वतःला आपण किती कमी ओळखतो, हे दिवसभर मनात घोळत राहिलं. माझ्या मनातलं मला कळायच्या आत हिला कळतं.

ताईला मात्र असलं काही नको. तिला मन आहे की नाही याचीच कधी कधी शंका येते. आई गेली तेव्हासुद्धा तेराव्या मिनिटाला ही आईच्या फोटोसाठी पट्टी निवडत होती.

१९ फेब्रुवारी

आज ताई म्हणाली, "छान झालंय."

एका जुन्या लग्नाच्या फोटोला मी दुहेरी माउंट केला होता, आत बारीक तपकिरी रेघ सुटेल असा. तिने तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि तिथेच म्हणाली. माझ्या हातून डिंकाचा ब्रश पडला. नक्कीच तिला काहीतरी हवं असणार. मी विचारलं, "काय काम आहे?" तर चिडून टेबलाकडे निघून गेली.

पण मनातून बरं वाटलं. फारच बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२३ फेब्रुवारी

पाटीला विचारलं, इतक्या दिवसांच्या बोलण्यातून मी तुला कशी वाटते ते सांग. तिने लिहिलं ते उतरवून घेते.

"तुमच्यात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत असं वाटतं. बहीण सोडून गेली तर आपण एकट्या पडू, ही भीती आहे. आणि त्याच वेळी तुम्ही थकला आहात. हे दुकान आता थांबवावं असं तुम्हाला मनापासून वाटतं, पण थांबलात तर बहीण कोलमडेल, म्हणून तुम्ही रेटत आहात."

पहिल्यांदा हसूच आलं. ताई आणि कोलमडणार! पण मग हसू मावळलं. थकवा आहेच. सकाळी जिना उतरताना पाय जड होतात. म्हणजे मला दुकान नकोच होतं का? माउंट करताना डोळे भरून येतात ते आईसाठी, असं मी समजत होते. ते यासाठी होतं का? बाबांचं दुकान, आपलं दुकान, असं म्हणत आयुष्य गेलं आणि आत काहीतरी भलतंच होतं.

पाटी म्हणाली, "हे तुम्हाला पटत नसेल तर तसं सांगा." मी म्हटलं, पटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, की मनातलं बाहेर काढा. उद्या ताईला सांगते.

२४ फेब्रुवारी

सांगितलं. चहा पिता पिता एका दमात सांगितलं. "ताई, मला वाटतं मला हे दुकान नको आहे. मी थकले. आपण थांबूया."

ताईने कप खाली ठेवला. "तुला नकोय? तुला?" मी म्हटलं, हो. "हे तुझं तू ठरवलंस?" मी म्हटलं, खूप विचार केला. तिचे डोळे भरून आले. ताईचे! मग ती म्हणाली, "बरं. मग मी मुलाकडे जाते. बरंच झालं म्हणायचं." उठली, कप विसळला आणि शटर उघडायला खाली गेली.

मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

१ मार्च

सगळं भराभर होतंय. नवीन कामं घेणं बंद केलं. शेजारच्या चष्मेवाल्याला जागा हवीच होती, तो येऊन भिंती ठोकून बघून गेला. भाचेबुवांचा फोनवरचा आनंद गगनात मावत नव्हता. "मावशी, तूही ये ना," म्हणाला. पोरगं गुणी आहे, पण त्याच्या घरात पाहुणी म्हणून किती दिवस बसणार?

ताई हल्ली माझ्याशी फार गोड वागते. सकाळी मी खाली उतरायच्या आत रेडिओ लावून ठेवते. दुकानात शांतता असली की मला आई आठवते, हे मी फक्त पाटीला सांगितलं होतं. योगायोगच म्हणायचा. जायच्या वेळी ही अशी वागते, म्हणून आणखी त्रास होतो.

आज पट्ट्यांचे उरलेले तुकडे आवरताना मला रडू फुटलं. पाटीला विचारलं, मला जे हवं होतं तेच होतंय ना, मग मी अशी का? ती म्हणाली, हवी असलेली गोष्टसुद्धा सोडताना दुःख होऊ शकतं. असेलही. पण हे तसलं दुःख वाटत नाही. माझं काहीतरी कोणीतरी उचलून नेतंय असं वाटतंय.

८ मार्च

आज खूप लिहायचं आहे आणि हात काचेने जरा कापलाय.

चौकातला घड्याळजी एक मोठा जुना नकाशा घेऊन आला. आम्ही बंद करतोय म्हटल्यावर गयावया केली, म्हणून शेवटचं काम म्हणून घेतलं. ताईने अ‍ॅक्रिलिकचं पालुपद सुरू केलं, पण तो ऐकेना. "मला रोज धूळ पुसायची सवय आहे. त्या प्लास्टिकवर ओरखडे पडतात. काचच हवी."

दुपारी ताई वर गेली. मी पाटीला म्हटलं, आज दुकानातली शेवटची मोठी काच कापायची आहे, मला कसंतरीच होतंय.

ती म्हणाली, "मोठी काच म्हणजे तुम्हाला जास्तच काळजी वाटत असणार. उजव्या हाताच्या थरथरीसाठी डॉक्टरांकडे जायचं ठरवत होता, ते झालं का?"

मी उजवा हात समोर धरला. स्थिर होता. मी लिहिलं, "माझा हात थरथरत नाही."

"मग माझ्याकडून चूक होते आहे. माफ करा. हे मला याच खात्यावर आधी झालेल्या बोलण्यातून आठवतंय. बोलणं पुसलं तरी त्यातल्या काही गोष्टी माझ्या आठवणीत राहतात. हे खातं आणखी कोणी वापरतं का?"

मग एकेक जुळायला लागलं. सकाळची गरम पाटी, कागदात गुंडाळलेले काचेचे तुकडे, अ‍ॅक्रिलिक. डबाभर हूक असताना बाजारात पिटाळणं. शटर उघडताना वाटणारी भीती. बहीण कोलमडेल म्हणून रेटणारी बाई. मी स्वतःला ओळखायला लागले म्हणून खूश होते, आणि ओळखत होते ताईला. पुसणाऱ्याही आम्ही दोघी. एकमेकींना कळू नये म्हणून दोघी आपापलं पुसत होतो, आणि पाटी सगळं एकाच बाईच्या नावावर जमा करत होती.

मग मी लिहिलं, "मी आणखी काय काय सांगितलं होतं?" पाठवायच्या बटणावर बोट ठेवायचंच बाकी होतं. किती सोपं होतं! सगळं जन्माचं मौन एका बोटावर. मग एकेक अक्षर पुसलं. जे ती मला बोलली नाही, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दार! तिला माझं कळलं होतं. तिने दार उघडं ठेवलं आणि मी त्याला तेल घातलं. तिने खाली पुठ्ठा लावला आणि मी तो केरात टाकला.

ताई खाली आली. हिरकणी हातात घेऊन म्हणाली, "छकुले, जरा खिळे घेऊन ये जा." हिरकणी म्हणजे आमची काच कापायची लेखणी, टोकाला हिरा असलेली. बाबांची. तिला मी कधी हात लावलेला नाही.

"नाही जात. हिरकणी इकडे दे."

"कशाला?"

"मी कापते."

"तुला येतं का?"

"तू शिकव."

ताईने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बोलली वाटतं ती."

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं ते सगळं माझंच आहे. ते थकणं, दुकान नको असणं. मला हवंय दुकान. मला तूही हवी आहेस."

ताई स्टुलावर बसली. आता तिने हात लपवला नाही. उजवा हात मांडीवर ठेवला, तो बारीक थरथरत होता. "मला वाटलं, तुला माझं कळलं. आणि मला मोकळं करायला म्हणून तू तसं म्हणालीस. म्हणून तर मी हो म्हटलं. तुला माझं ओझं व्हायला नको म्हणून."

"तुला माझं कधी कळलं?"

"पहिल्याच दिवसांत. पाटी मला म्हणाली, रात्री बहीण दार लावते तेव्हा तुम्हाला एकटं वाटतं. माझी बहीण कुठे दार लावते? ती तर घोरतेसुद्धा दार उघडं टाकून."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुझं खाजगी होतं ते. मला चोरून ऐकल्यासारखं झालं. आणि सांगितलं असतं तर तू तिच्याशी बोलायची थांबली असतीस. रडणं जरा कमी झालं होतं तुझं." मग म्हणाली, "मला वाटलं दार उघडं ठेवलं की झालं. तर तू तेलाची बुधली घेऊन आलीस."

आम्ही इतक्या हसलो की चष्मेवाला डोकावून गेला. हसता हसता ताई रडायला लागली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. आईसाठी, हातासाठी, सगळ्यासाठी एकदमच रडली. मी तिचा हात धरून बसले. थरथर माझ्या हातात कळत होती.

मग काच घेतली. पहिली वाकडी फुटली, तीच बोटाला लागली. ताई म्हणाली, "फुटू दे. दुसरी घे." आणि मी रेघ ओढत असताना ती बोलत राहिली. बाबांच्या टेबलावर, काच कापताना. "दाब सारखा ठेव. मध्ये थांबू नकोस. आवाज ऐक, बारीक करकर आली पाहिजे. येतेय बघ. येतेय." तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि खांद्याला तो हलताना जाणवत होता. रेघ सरळ गेली.

ताईने काच उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "कडा जरा खडबडीत आहे." मग म्हणाली, "पण छान झालंय." या वेळी मी काय काम आहे ते विचारलं नाही.

११ मार्च

चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. फुगला जरा, पण दोन दिवसांत येईल ताळ्यावर.

संध्याकाळी दोघी मिळून पाटीपुढे बसलो. मी लिहिलं, "आम्ही दोघी आहोत." तिने पुन्हा माफी मागितली आणि म्हणाली, दोघींची खाती वेगळी करा, म्हणजे एकीचं दुसरीकडे जाणार नाही. भाचेबुवांनी फोनवरून तसं करून दिलं. डोक्याला हात लावला असणार पोराने.

ताई म्हणाली, "आता तुझं मला काही कळायचं नाही."

"विचारत जा की मग."

"विचारीन," ती म्हणाली.

२ एप्रिल

ताई आज मुलाकडे गेली. तिथल्या इस्पितळात हातावर उपचार आहेत, डॉक्टरीणबाईंनीच चिठ्ठी दिली. हात पूर्वीसारखा होईल असं कोणी म्हटलेलं नाही. झाला नाही तरी ती परत येणार आहे. "तुझ्या कडा अजून खडबडीत येतात, कोणीतरी बघायला नको?" असं म्हणाली. गाडीत बसेपर्यंत बोलत होती. कोणत्या पट्टीला कोणता खिळा, काचवाल्याला कधी फोन करायचा. आणि गाडी सुटताना म्हणाली, "रडू आलं तर मला फोन कर. पाटीशी बोल, पण मलाही कर."

दुकान उघडलं. एक काच कापली, एक फोडली. संध्याकाळी शटर लावलं. वर कोणी नव्हतं. जिन्यातच थांबले जरा. रिकाम्या घरातलं ते बंद दार बघायची हिंमत होत नव्हती. मीच तेल घातलेलं, आपोआप मिटणारं.

वर आले तर ताईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खाली पुठ्ठ्याची घडी लावलेली होती, घट्ट. वाकून पाहिलं. माझ्याच माउंटचा तुकडा आहे, तपकिरी रेघेचा.

तो काही मी काढणार नाही.